उन्हाळ्यातल्या पंचगंगेवर 'नेड रिग': बंधाऱ्याखाली पैसे वसूल, केंदाळात पैसे पाण्यात

गळाला लावायच्या या नकली आमिषाचं पाकीट उघडलं की फसवल्यासारखं वाटतं. आत पावणेतीन इंचाच्या आठ रबरी कांड्या. ना शेपूट, ना डोळे, ना चमक. रंग सोडला तर शाळेतल्या खडूत आणि या कांडीत फरक काढता येणार नाही. झी-मॅन या अमेरिकी कंपनीची 'फिनेस टीआरडी' ती हीच. जिगहेड वेगळे घ्यावे लागतात. मश्रूमच्या टोपीसारखं चपटं डोकं, शिसं आणि गळ एकातच ओतलेले. ही जोडी म्हणजे 'नेड रिग'. कॅन्सस राज्यातले मासेमारीवर लिहिणारे नेड केडी यांच्यावरून हे नाव पडलं.

तिकडे हे आमिष मुख्यतः बाससाठी वापरतात, आणि नदीत म्हटलं की स्मॉलमाउथ बास. हा मासा उत्तर अमेरिकेचा. महासरोवरं, सेंट लॉरेन्स आणि मिसिसिपीचं वरचं खोरं हे त्याचं मूळ घर. पंचगंगेत तो नाही, त्यामुळे व्हिडिओ बघून तो शोधायला जाऊ नका. पण ज्या अडचणीवर हे आमिष तिथे उतारा म्हणून चालतं, ती अडचण आपल्याकडे दर एप्रिल-मेमध्ये असते. पाणी उतरलेलं, तापलेलं, मासा समोर दिसतोय आणि धरायला तयार नाही.

निकाल आधीच सांगतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे थोडं तरी पाणी हलतं, तिथे या पाकिटाचे पैसे वसूल होतात. केंदाळाच्या कडेला मरळीसाठी वापराल तर पैसे गेले. कटला-रोहूसाठी घेणार असाल तर घेऊच नका, ते मासे अशा आमिषामागे येत नाहीत.

आधी पाणी कुठं आहे ते बघा

अमेरिकेतले लोक 'लो वॉटर' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पाऊस नसल्यामुळे आपोआप आटलेली नदी असते. आपली नदी तशी आटत नाही. भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी यांचं पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावर एक होतं (पाचवी सरस्वती गुप्त धरतात) आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत पंचगंगेवर बंधाऱ्यांची माळच आहे. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवर हळदी, राशिवडे, तारळे, शिरगाव वेगळेच. पावसाळ्यात टीव्हीवर '३९ फूट इशारा, ४३ फूट धोका' म्हणून ज्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात, तोच बंधारा उन्हाळ्यात मासेमाराच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी जागा असतो.

पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसतात आणि नदीचे तुकडे पडतात. बंधाऱ्याच्या वर लांबलचक थांबलेलं पाणी, खाली उघडे पडलेले दगड आणि मधून वाहणारी बारीक धार. म्हणजे एकाच नदीत, पन्नास पावलांच्या अंतरावर, तलावही आहे आणि ओढाही. 'पाणी कमी आहे' ही तक्रार खालच्या अंगाची. वरच्या अंगाला पाणी भरपूर असतं, फक्त ते तापलेलं आणि मेलेलं असतं.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात: धरणातून सोडलेलं आवर्तन आणि शेतीचा उपसा. राधानगरीतून पाणी सुटलं की धार वाढते, पाणी थोडं गढुळतं, मासा हलतो. मोटारी सुरू झाल्या की पातळी उतरत जाते आणि काठच्या दगडांवर ओला पट्टा दिसायला लागतो. तो ओला पट्टा हाच तुमचा खरा पातळीमापक. बोटभर ओला असेल तर पाणी नुकतंच उतरतंय. अशा वेळी मासा उथळातून खोलाकडे सरकतो आणि चरणं थांबवतो. दगड कोरडे आणि पातळी दोन दिवस स्थिर असेल तर मासा नव्या जागेला रुळलेला असतो. उपसाबंदीचे दिवस त्यामुळे गळवाल्याला बरे. शेतकऱ्याच्या शिव्या त्याच दिवसांत खायच्या असतात, पण तो विषय वेगळा.

बंधाऱ्याची गळती हा पाटबंधारे खात्याचा डोकेदुखीचा विषय. बरग्यांच्या फटीतून पडणारं ते पाणी मात्र खालच्या माशांचा श्वास आहे. २० अंश सेल्सिअसला पाणी लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं, ३० अंशाला जेमतेम ७.६. ही झाली स्वच्छ पाण्याची कमाल. सांडपाणी मिसळलेल्या, शेवाळलेल्या डोहात त्याहून कितीतरी कमी असतो. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू खातात, बनवत नाहीत. म्हणून थांबलेल्या पाण्यात प्राणवायूचा तळ लागतो तो पहाटे. 'पहाटे मासा लागतो' हे वाक्य उन्हाळ्यात अर्धंच खरं आहे. पहाटेचा गळ बंधाऱ्याखालच्या पडत्या पाण्यात टाका. वरच्या डोहात टाकायचा असेल तर सूर्य कलल्यावर जा. तेव्हा दिवसभराचा प्राणवायू साठलेला असतो आणि ऊनही उतरलेलं असतं.

तिकडचा सल्ला कुठपर्यंत लागू पडतो

स्मॉलमाउथसाठीचं ठरलेलं गणित असं: पाणी उतरलं की खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी बघा, मोठ्या दगडाच्या मागे बघा, सावलीत बघा. मासा धारेच्या कडेला, स्वतः कष्ट न घेता उभा राहतो आणि वाहत येणारं खाणं उचलतो. त्याचं आवडतं खाणं क्रेफिश, म्हणजे तळाला दगडांत राहणारा झिंग्याचा भाऊबंद.

आपल्याकडे हे गणित शिंगाळा, कोळस आणि धारेच्या कडेची चिलापी यांना बऱ्यापैकी लागू पडतं. तळाला दगडांत झिंगे, बारीक खेकडे आणि मळ्या असतात. (मळ्या म्हणजे दगडाला तोंड लावून बसणारा बोटभर मासा. १८३९ साली साइक्स या ब्रिटिश अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा मराठी नावच उचललं, म्हणून तो आजही 'गार्रा मुल्या'.) तळावर डोकं टेकवून शेपूट वर धरलेली खडूएवढी कांडी या सगळ्यांसारखीच थोडी थोडी दिसते. नक्कल कुणाचीच हुबेहूब नाही, आणि सुस्त माशाला तेवढं पुरतं.

मरळीला मात्र हे गणित लावाल तर हात हलवत परत याल. मरळ हवेतून श्वास घेते. पाण्यात प्राणवायू आहे की नाही याची तिला फारशी पर्वा नाही, म्हणून धारेकडे यायचं तिला कारणही नाही. बाकीचे मासे जिथून पळतात त्याच थांबलेल्या, कोमट, केंदाळलेल्या काठाला ती निवांत उभी असते. दर थोड्या वेळाने वर येऊन 'डुबुक' करून हवा घेते. तो आवाज आणि उठलेलं वर्तुळ हाच तिचा पत्ता. तिथे उघड्या गळाचा नेड रिग टाकला की पहिल्याच फेकीला केंदाळाची मुळं गोळा होतात. तिच्यासाठी पोकळ रबरी बेडूक, जाड ब्रेड (विणलेला दोरा) आणि कडक रॉड हाच मार्ग. तो वेगळा संच आहे आणि वेगळ्या परीक्षणाचा विषय.

शिवडा मध्ये कुठेतरी बसतो. दिवसा तो डोहाच्या खोल भागात, काठाखालच्या कपारीत पडून राहतो आणि अंधार पडू लागला की उथळाकडे सरकतो. संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात तो ही कांडी उचलू शकतो. पण मोठा शिवडा या बारीक तारेच्या गळाला झेपत नाही, गळ सरळ होऊन येतो. शिवड्याच्याच मागे असाल तर हे साहित्य नेऊ नका.

कांडीत वेगळं काय आहे

सगळी किंमत आहे ती रबरात. कंपनी त्याला 'इलाझ्टेक' म्हणते. नेहमीचं मऊ प्लास्टिक पाण्यात बुडतं, हे तरंगतं. जिगहेडचं चपटं डोकं तळाला बसलं की कांडीची मागची बाजू आपोआप वर उभी राहते आणि पाण्याच्या हलक्या हेलकाव्याने डुलते. तुम्ही काहीही न करता आमिष काम करत राहतं. सुस्त माशासाठी हाच मुद्दा आहे, कारण तो पाठलाग करत नाही. समोर येऊन थांबलेलं, निसटणार नाही असं वाटणारं काहीतरी त्याला लागतं.

दुसरा गुण चिवटपणा. कांडी ओढली तर कितीतरी पट ताणली जाते, तुटत नाही. चिलापी आणि बारीक मासे शेपटीला टोचे मारत राहतात. साध्या रबराचे दहा मिनिटांत तुकडे होतात, गांडूळ तर दोन मिनिटांत साफ. ही कांडी टिकते. एक कांडी अख्खा दिवस चालते, आणि ती जाते ती फाटून नव्हे तर गळ दगडात अडकून.

नकली मालाची परीक्षा सोपी आहे. बादलीभर पाण्यात नुसती कांडी टाका. तरंगली तर ठीक. बुडाली तर ते साधं प्लास्टिक, त्याला या किमतीचे पैसे देऊ नका. कोल्हापुरात जाळी-गळ विकणाऱ्या दुकानांत शिसं, तंगूस, गळ सगळं मिळतं, पण हे नेमकं पाकीट मिळेलच असं नाही. ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका, पाकिटावरचं नाव वाचा.

या रबराची एक खोड जीवघेणी आहे आणि ती सगळ्यांना नडते: दुसऱ्या मऊ प्लास्टिकला ते चिकटून बसलं की दोन्ही वितळतात. डबीत शेजारी ठेवलेले दुसरे रबरी मासे, बेडूक, किडे यांचा आणि याचा चिखल होतो, आणि तो डबीलाही चिकटतो. मूळ पाकीट फेकू नका, कांड्या त्यातच ठेवा. आणि सपाट ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली पाकीट दुमडून पडलं तर कांड्या वाकड्या होतात. वाकडी कांडी पाण्यात गरगर फिरते आणि दोऱ्याला पीळ घालते.

वजन, दोरा, रॉड

कमी पाण्यात चूक होते ती नव्वद टक्के इथेच. लांब फेक जावी म्हणून लोक जड जिगहेड घेतात. जड डोकं दगडांच्या खाचेत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्याला १/१५ औंस, म्हणजे १.९ ग्रॅम, हे पहिलं वजन धरा. धार अगदी मंद असेल तर १/२० औंस (१.४ ग्रॅम). बंधाऱ्याखाली पडत्या पाण्याच्या अगदी जवळ, किंवा वारा असेल तर १/१० औंस (२.८ ग्रॅम). १/६ औंस (४.७ ग्रॅम) फक्त वरच्या खोल डोहासाठी. एकच घ्यायचं असेल तर १/१५ घ्या, बाकीचं नंतर.

एवढं हलकं वजन जाड तंगुसावर फेकलंच जात नाही. २००० ते २५०० आकाराचं स्पिनिंग रील, साडेसहा ते सात फुटांचा हलका रॉड, आणि रॉडवर लिहिलेली वजनमर्यादा २ ते १० ग्रॅमच्या आसपास. दोरा १० पाउंडांपर्यंतचा बारीक ब्रेड, शक्यतो पिवळा किंवा फिकट हिरवा, कारण उचल, म्हणजे मासा आमिष तोंडात घेतो ती हालचाल, दोऱ्यावर दिसते, हाताला जाणवेलच असं नाही. पुढे चार-पाच फूट फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक दोरा), ६ ते ८ पाउंड. वरच्या अंगाला भोगावती-कासारीचं पाणी निवळ असतं, तिथे ६ घ्या. शहराखाली पाणी हिरवट गढूळ, तिथे ८ चालतो, आणि दगडांवर घासायलाही तोच टिकतो.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम. जमत नसेल तर डबल युनी मारा, काही बिघडत नाही. जिगहेडला पॅलोमार. गाठ ओढण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी ओढली की फ्लुरोकार्बन जळतं आणि पहिल्या बऱ्या माशाला गाठीतूनच सुटतं. मध्ये स्नॅप-स्विव्हल (जोडायची फिरती कडी) लावू नका. २ ग्रॅमच्या जिगहेडवर ते लोखंड म्हणजे बैलाच्या शिंगाला नांगर. कांडी तळाला उभी राहण्याऐवजी आडवी पडते.

ड्रॅग (ओढ वाढली की दोरा सोडणारी रीलची पकड) लीडरच्या ताकदीच्या पाव भागाच्या आसपास लावा. ८ पाउंड म्हणजे ३.६ किलो, तर ड्रॅग किलोभराच्या आत सुटायला हवा. पाण्याच्या बाटलीने तपासा. एक लिटरची भरलेली बाटली दोऱ्याला बांधून रॉडने उचलायला गेलात आणि दोरा सुटला, तर बरोबर.

कांडी गळावर चढवताना

इथे पहिल्यांदा हात लावणारा वैतागतो. रबर इतकं चिवट की गळाच्या मुळाशी असलेल्या काट्यावरून ते सरकत नाही, आणि जोर लावला की गळ अंगठ्यात. आधी कांडी गळाच्या शेजारी धरून गळाचं टोक कुठे बाहेर निघेल तिथे नखाने खूण करा. चपट्या टोकाच्या बरोबर मध्यातून गळ घाला, कांडी गळावर चुण्या पाडत पुढे ढकला, खुणेवर टोक बाहेर काढा. मग डोक्याशी उरलेला भाग एका दमात काट्यावर चढवा. बोटं ओली केलीत तर सरकतं, कोरड्या बोटांनी नाही. शेवटी डोकं आणि कांडी यांच्यामध्ये सुपरग्लूचा एक थेंब. जेल प्रकारचा घ्या, पातळ ओघळतो.

झालं की काठालगत, डोळ्यांसमोर पाण्यात ओढून बघा. सरळ आली तर ठीक. फिरत आली तर गळ मध्यातून गेलेला नाही. काढा आणि पुन्हा चढवा. एवढा कंटाळा केला नाही तर पुढचा तासभर दोऱ्याचा गुंता सोडवायची वेळ येत नाही.

चिलापी नुसत्याच टोचत असतील तर मागून पाऊण इंच कापून कांडी दोन इंचांची करा. टोचणारं तोंड आणि गळ यांतलं अंतर कमी होतं.

रंगाचं फार डोक्यात घेऊ नका. निवळ पाण्यात 'ग्रीन पंपकिन', म्हणजे काळपट हिरवा-तपकिरी. गढूळ पाण्यात सरळ काळा किंवा गडद. भडक गुलाबी-केशरी पाकिटं दुकानात छान दिसतात.

फेक आणि ओढ

बंधाऱ्याखाली उभं राहून सरळ पाण्याच्या पडझडीत फेकू नका. खालून या. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, त्याच्या पाठीमागून गेलात तर तुम्ही दिसत नाही. उथळ, निवळ पाण्यात काठावरची सावली सुद्धा मासा पांगवते, म्हणून सूर्य समोर ठेवा आणि काठापासून चार पावलं मागे उभे राहा. धारेच्या वर तिरकी फेक टाका, मासा असावा अशा जागेच्या पाच-सहा फूट पुढे. डोक्यावर टाकलेलं आमिष कमी पाण्यात मासा पळवतं.

कांडी बुडताना दोरा बघा. खाली जाताना दोरा हळूहळू सरकत राहतो आणि तळ लागला की सैल पडतो. मध्येच थांबला किंवा बाजूला वळला तर ती उचल. निम्म्याहून जास्त उचली बुडतानाच येतात. तळ लागल्यावर काहीही करू नका. दहा आकडे मोजा. मग रॉडचं टोक हातभर बाजूला न्या, वर नव्हे, कांडी तळावरून घासत येईल इतक्या हळू. पुन्हा थांबा. इथले बहुतेक लोक रील फिरवत राहतात, चमचा (पत्र्याचं चमकतं आमिष) ओढल्यासारखं. या आमिषाला ते मारक आहे. वाटतंय त्याच्या निम्म्या वेगाने ओढा, आणि मग त्याच्याही निम्म्याने.

तीन-चार वेळा घासूनही काही नसेल तर एकदा बदल करून बघा: रॉडचं टोक थरथरवत, कांडी तळापासून वीतभर वर ठेवून, सलग हळू ओढ. आवर्तन सुटून धार वाढलेली असेल तेव्हा ही ओढ जास्त चालते. स्थिर पाण्यात थांबणंच बरं.

उचल म्हणजे झटका नसतो. दोरा 'जड' होतो, ओला फडका अडकल्यासारखा. त्या वेळी झटका मारू नका. गळ बारीक तारेचा आणि टोकदार आहे. सैल दोरा गुंडाळा, वजन जाणवलं की रॉड बाजूला सपाट ओढा. मरळीच्या सवयीने खांद्यावरून झटका मारणारा इथे गळ तरी सरळ करतो किंवा लीडर तरी तोडतो.

एका जागी दहा-बारा फेकी पुरे. कमी पाण्यात मासे मोजक्या जागी गोळा होतात, म्हणजे बाकीची नव्वद टक्के नदी रिकामी असते. एक मासा लागला तर मात्र तिथेच थांबा, तिथे आणखी असणारच.

अडकणं, आणि खर्चाचा खरा हिशेब

बंधाऱ्याखालचा तळ म्हणजे फुटके दगड, जुन्या बरग्यांचे तुकडे, लोखंड, फाटकी जाळी. उघड्या गळाचं आमिष तिथे अडकणारच. अडकलं की ओढू नका, ओढल्याने तो आणखी रुततो. दोरा जरा ताणून बोटाने वीणेच्या तारेसारखा टणटण सोडा, बऱ्याचदा हलकं डोकं उसळून सुटतं. नाही सुटलं तर रीलची बेल (दोरा अडवणारी तारेची कडी) उघडून दोरा सैल करा, धार त्याला खाली नेईल, आणि उलट बाजूला चालत जाऊन खेचा. तेही नाही झालं तर दोरा हाताला न गुंडाळता, कापडात किंवा काठीला गुंडाळून सरळ ओढून तोडा. बारीक ब्रेड बोट कापतो.

म्हणून हिशेब असा करा: कांड्यांचं एक पाकीट असेल तर जिगहेड किमान दुप्पट. बंधाऱ्याखालच्या एका सकाळी चार-पाच जिगहेड गेले तर नवल नाही. कांडीला जपणारा माणूस जिगहेडवर खर्च करत राहतो, हे पाकिटावर कुणी छापत नाही. तार-कवचाचे जिगहेड मिळतात, ते दगडांत कमी अडकतात. पण सुस्त माशाची हलकी उचल त्या तारेवर वाया जाते. पातळी अगदी खाली गेली असेल तर उघडाच गळ बरा.

गांडुळाशी तुलना केली तर नुसत्या उचलींच्या संख्येत गांडूळ पुढे. फरक असा की गांडुळाला बोटभर मासेच आधी येतात, आणि दर पाच मिनिटांनी आमिष बदलावं लागतं. मासळीचं कालवण हेच ध्येय असेल तर गांडूळ, १० नंबरचा गळ आणि मुगाएवढं शिसं घ्या, हे परीक्षण विसरा. मोजके पण बरे मासे हवे असतील, आणि गळ ओठात लागून मासा धडधाकट परत सोडायचा असेल, तर नेड रिग.

काही गोष्टी ज्यांवर तडजोड नको

मासे सगळीकडे वर तोंड काढून धापा टाकत असतील, पाण्याला काळा रंग आणि वास असेल, तर गळ गुंडाळा. त्या दिवशी उचल येणार नाही, आणि त्या पाण्यातला मासा खाऊही नये. उन्हाळ्यात नदीच्या खालच्या टप्प्यात असे दिवस येतात. धरलेला मासा सोडायचा असेल तर मे महिन्यातल्या दगडावर ठेवून फोटो काढू नका. तापलेला दगड त्याची चिकट कातडी सोलतो. पाण्यातच गळ काढा, फोटो हवा असेल तर ओल्या हातात, दोन श्वासांत.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. तलावांवर ठेका असतो, ठेकेदाराला किंवा संस्थेला विचारल्याशिवाय रॉड बाहेर काढू नका. नृसिंहवाडीकडे, कृष्णेच्या अंगाला मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून फेकायची सवय तिथे सोडा. आणि बंधाऱ्यावर बरगे काढण्याचं काम सुरू असेल तर खालच्या दगडांवर एक मिनिटही थांबायचं नाही, पाणी सांगून येत नाही.

जिगहेड शिशाचे आहेत. ते हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, मग डबा उघडा. तंबाखू मळणाऱ्यांनी तर आधी.

जूनमध्ये बरगे निघाले, पहिलं लाल पाणी आलं, की १.९ ग्रॅमचं हे डोकं तळाला पोहोचतच नाही. तेव्हा कांड्या गळावरून काढा, गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या करा, मूळ पाकिटात सपाट ठेवा. जिगहेडच्या गळांना तेलाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळी दमटपणात टोकावर गंज चढतो आणि पुढच्या मार्चमध्ये पहिली उचल त्याच गंजक्या टोकावर येते.